बाबा म्हणाले की

दुपारच्या वर्गात मास्तरणीने सातव्यांदा घड्याळाकडे पाहिलं आणि वर्गातल्या अकरा जणांनी तिच्याकडे. सगळी मोठी, नोकरी सांभाळून इंग्रजी शिकायला येणारी माणसं. दोन नर्स, एक वेल्डर, पार्सलं पोचवणारा एक जण, विम्याच्या ऑफिसातली टायपिस्ट आणि असेच आणखी काही. अशांच्या नजरेतून काही सुटत नाही. आज मॅडमचं चित्त थाऱ्यावर नाही हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांतच ओळखलं होतं.

मास्तरीण हे तिचं घरातलं नाव. सहावीत असताना तिने वडिलांच्या दुकानाच्या पाटीवरची चूक चारचौघांत दाखवली, तेव्हापासून ते चिकटलं. पुढे ती खरोखरच मास्तरीण झाली, त्यामुळे कुणाला ते सोडवावंसंही वाटलं नाही.

"दुसऱ्याचं बोलणं तिसऱ्याला सांगताना दर वेळी 'सेड, सेड' लिहीत बसू नका," ती फळ्याकडे तोंड करून म्हणाली. "बोलून माणसाने काय केलं ते बघायचं. विनंती केली? धमकी दिली? कबूल केलं? तसं क्रियापद निवडायचं. ते बरोबर निवडलंत की त्याचे मूळ शब्द जसेच्या तसे लागत नाहीत."

हे बोलता बोलता तिला ठसका लागला. टेबलावरचं पाणी पिऊन तिने मोबाइल उलटा करून पाहिला. काही नव्हतं.

"आमच्याकडे उलटं असतं, मॅडम," थोरली नर्स म्हणाली. "वॉर्डात पेशंट बोलेल तेच वहीत उतरवायचं. 'छातीवर दगड ठेवलाय' म्हणाला तर दगडच लिहायचा. 'छातीत दुखतं' असं आपल्या मनाने लिहिलं की बोलणी बसतात."

"का पण?" वेल्डरने विचारलं.

"कारण दुखणं त्याचं असतं, आपलं नसतं."

"आम्ही असं केलं तर झालंच," पार्सलवाला म्हणाला. "गिऱ्हाईक जे बोलतं ते मी शब्दन् शब्द साहेबांना सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी साहेबही नसतील नि मीही नसेन."

वर्ग हसला. मास्तरीणही हसली, पण उशिरा. मग तिने पुस्तकातली वीस वाक्यं घरून करून आणायला सांगितली आणि दहा मिनिटं आधीच वर्ग सोडला. बारा वर्षांत तिने असं कधी केलं नव्हतं. खडूने माखलेले हात न धुताच ती जिना उतरली.

चार वाजता दादा यायचा होता. सहा वर्षांनी. आणि वडिलांनी त्याला बोलावलंच नव्हतं, हीच तर सगळी गोम होती.

वडील बाइंडर. पुढे दुकान, मागे घर. रजिस्टरं, जुने ग्रंथ, वकिलांच्या फायली, जे येईल ते शिवायचं, खळ लावायची, दाबयंत्रात घालायचं, कडा कापायच्या. दादाने हे दुकान पुढे चालवावं असं वडिलांनी तो पाळण्यात असतानाच ठरवून टाकलं होतं. दादाने मात्र लिफ्ट दुरुस्त करायचं शिकून घेतलं आणि पाच तासांवरच्या शहरात नोकरी धरली. निघायच्या दिवशी तो म्हणाला, "या खळीच्या वासाचा मला वीट आलाय." वडील म्हणाले, "या उंबऱ्यावर पुन्हा पाय ठेवलास तर माझं मेलेलं तोंड बघशील." दोघंही एकाच मुशीतले. शब्द गेला तो गेला. परत घ्यायची रीत त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हती. आई असती तर तिने दोघांच्या कानाला धरलं असतं. आई नव्हती.

मग मास्तरीण मधे पडली. दर रविवारी अकरा वाजता दादाचा तिला फोन यायचा आणि त्या वेळी वडील नेमके शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र उघडून बसायचे. पान उलटायचे नाहीत. पहिल्याच महिन्यात ते आतून म्हणाले, "विचार त्याला, जिवंत आहे का." ती फोनवर म्हणाली, "बाबा विचारतायत, कसा आहेस?" यात खोटं काय होतं? तिच्या मते काहीच नव्हतं. म्हाताऱ्याला विचारायचं तेच होतं, फक्त त्याची जीभ तिखट होती. ती तिखटपणा तेवढा गाळून देत होती.

पण गाळायची सवय लागली की मग माणूस घालायलाही लागतो. दादाला मुलगी झाली तेव्हा वडील काहीच बोलले नाहीत, दोन दिवस दाबयंत्राशी खटपट करत राहिले. ती फोनवर म्हणाली, "बाबांचे डोळे भरून आले." दादा म्हणाला, "म्हातारा अजून तसाच हेकट आहे का गं?" तिने आत येऊन सांगितलं, "दादा तुमच्या तब्येतीची फार चौकशी करत होता." अशी सहा वर्षं. दोन्हीकडचा निरोप्या एकच, त्यामुळे पडताळायला कुणी नव्हतं. तिला त्याचा थोडा अभिमानही वाटायचा, हे सांगायला हवं. दोन माणसं तिने शब्दांच्या टाक्यांनी एकत्र धरून ठेवली होती.

आणि गेल्या रविवारी तिने कळस केला. वडिलांच्या हृदयाची एक झडप बदलायची ठरली होती, गुरुवारी. डॉक्टरांनी बजावलं होतं, तोवर त्रागा नको, दगदग नको, नाहीतर ऑपरेशन पुढे ढकलावं लागेल आणि पुढे ढकलण्यासारखी तब्येत नाही. ती म्हणाली, "दादाला कळवू ना?" वडील म्हणाले, "मेलो तर कळव. आधी नको." तिने फोन लावला आणि सांगितलं, "बाबांनी तुला बोलावलंय. ऑपरेशनच्या आधी एकदा ये म्हणाले." दादा म्हणाला, मंगळवारी येतो. मग म्हणाला, "त्यांना म्हणावं, एकदा स्वतः फोन उचला." तिने आत जाऊन सांगितलं, "दादा म्हणाला, चुकलं माझं. मंगळवारी येतोय."

 मंगळवारी सकाळी वडिलांनी दाढी केली. एरवी ते दोन दिवसांआड करायचे.  म्हातारा माफी ऐकायला तयार होऊन बसला होता, दादा बोलावणं ऐकायला येत होता, आणि यातलं एकही कुणाच्या तोंडून निघालेलं नव्हतं.

तिचा बेत साधा होता. दादाला स्टॉपवरच गाठायचं, वाटेत सगळं कबूल करायचं आणि त्याला म्हणायचं, माझ्यासाठी एवढं कर, दोन शब्द नमतं घे. लहान बहिणीने पदर पसरला तर दादा नाही म्हणणार नाही. पण बस चौकात अडकली. ती उतरली आणि चालत सुटली. फोन लावला, तो लागेना. पुन्हा लावला. रस्ता ओलांडताना एक सायकलवाला तिच्यावर ओरडला, ते तिला ऐकूही आलं नाही. औषधाच्या दुकानाशी मोबाइल थरथरला. दादाचा मेसेज होता. "आधीची गाडी मिळाली. पोचलो. दुकानातच जातोय."

मास्तरीण पळाली. एकोणचाळीस वर्षांची बाई, खांद्यावर वह्यांची पिशवी, गल्लीतून पळाली. दुकानाच्या समोरून जायची तिची छाती झाली नाही. मागच्या बोळातून स्वयंपाकघराचं दार उघडून ती आत शिरली आणि तिथेच थांबली. दुकान आणि स्वयंपाकघर यांच्यात भिंतीऐवजी फक्त एक प्लायवूडचा पडदा होता. पलीकडे सुई पडली तरी अलीकडे ऐकू यायची.

"आलो," दादाचा आवाज.

"दिसतंय. बस."

स्टूल सरकल्याचा आवाज आला.  दोघंही वाट बघत होते. तिने ओट्याची कड धरली.

"बोल मग," वडील म्हणाले.

"तुम्ही बोला. बोलावलंत तुम्ही."

"मी? कुणी सांगितलं?"

"मास्तरणीने."

"मला तर ती म्हणाली, तू चुकलं म्हणालास."

"मी? कधी?"

तिने डोळे मिटून घेतले. आता आवाज चढणार, आता म्हातारा छाती धरणार, आता तिच्या हातून दोघंही जाणार. पण आवाज चढले नाहीत. उलट उतरले. दोघं हळूहळू, एकेक करून तपासू लागले.

"मुलगी झाली तेव्हा तुमचे डोळे भरून आले होते, ते?"

"छट्. आणि तू दर आठवड्याला माझ्या गुडघ्यांची चौकशी करायचास, ते?"

"तुमचे गुडघे दुखतात हेच मला आत्ता कळतंय."

"आणि माझ्यासाठी लोकरीचे मोजे पाठवलेस, दर थंडीत?"

"नाही पाठवले. बरं, ती लाल वही तरी? छोटीच्या वाढदिवसाला आली ती?"

इथे वडील थांबले. "लाल कापडाची? बारीक टाक्याची?"

"तीच. छोटी ती उशाशी घेऊन झोपते."

"मी महिनाभर शोधत होतो ती," वडील म्हणाले. मग थोड्या वेळाने, "केली होती मी. पाठवली तिने."

मास्तरणीला आता पडद्याआड राहवेना. ती तशीच पिशवीसकट दुकानात गेली. दादा केवढा जाड झाला होता! कानशिलं पिकली होती. तिला वाटलं त्याच्या गळ्यात पडावं, पण त्याने तिच्याकडे असं पाहिलं की पाय जागीच राहिले.

"या," वडील म्हणाले. "सहा वर्षं माझ्या तोंडात शब्द घालत होतीस?"

"बाबा, तुम्ही चिडू नका, डॉक्टर म्हणालेत..."

"डॉक्टर म्हणाले की तूच म्हणालीस?"

दादा म्हणाला, "मला वाटायचं, बाबा निवळले. बायकोला सांगायचो मी, म्हातारा विरघळतोय गं. येड्यासारखा रविवारची वाट बघायचो. कुणाशी बोलत होतो मी?"

"माझ्याशी!" ती म्हणाली, आणि मग तिचा बांधच फुटला. "माझ्याशी बोलत होतास. आणि तुम्हीही. 'मेलो तर कळव' म्हणालात, तेच पोचवायचं होतं का मी? 'हेकट म्हातारा' हे तुम्हाला आणून द्यायचं होतं? दोघं पांढरे व्हायला आलात तरी एक शब्द धड बोलता येत नाही. माझी काय हौस होती? तुम्ही दोघं माझे, आणि मला दोघंही हवे होते. बास."

"शब्द माझे होते," वडील म्हणाले. ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. "वाईट होते, पण माझे होते. तेच पोचते, तर कदाचित चार दिवसांत मलाच लाज वाटून फोन केला असता. तू मला लाज वाटूच दिली नाहीस."

 हे तिला कधी सुचलंच नव्हतं. ती दादाकडे पाहत राहिली, आणि दादा मान हलवत होता, वडिलांच्या बाजूने. सहा वर्षं ज्या दोघांना एका बाजूला आणायला तिने रक्त आटवलं, ते दोघं आज एका बाजूला होते आणि ती दुसऱ्या. ती वळली आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकली. रडू आलं, ते तिने नळ सोडून त्यात बुडवलं. मग पाणी वाया जातंय म्हणून नळ बंद केला, आणि पलीकडचं सगळं पुन्हा ऐकू येऊ लागलं.

"तिला सांग," वडील म्हणत होते. "आजपासून माझ्याशी एक अक्षर बोलायचं नाही. आणि गुरुवारी दवाखान्यात यायचं नाही. मला तिथे तिचं तोंड दिसता कामा नये."

"बरं," दादा म्हणाला.

"फॉर्मवर घरच्या माणसाची सही लागते."

स्टूल पुन्हा सरकल्याचा आवाज आला.

"करशील?"

"करीन."

"आणि त्या पोरीचा फोटो असेल तर दाखव. चष्मा तिथे खणात आहे, दे."

खण उघडला, मिटला. बराच वेळ दोघं मोबाइलवर वाकलेले असावेत, कारण आवाज एकाच जागेवरून येत होते. "नाक तुझ्या आईचं आहे," वडील म्हणाले. मग म्हणाले, "जा, सांगून ये तिला."

दादाची पावलं जवळ आली. तो दारात उभा राहिला. लिफ्टच्या ग्रीसने नखं काळी पडलेली, हात कुठे ठेवावे ते त्याला कळत नव्हतं. त्याने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा ओट्याकडे, आणि तिच्या खडूने पांढऱ्या झालेल्या, आता ओल्या असलेल्या हातांकडे.

"बाबा म्हणतायत," तो म्हणाला आणि अडला.  "बाबा म्हणतायत, चहा ठेव. तिघांचा."

मास्तरणीने त्याच्याकडे पाहिलं. प्लायवूडचा पडदा किती पातळ आहे हे त्यालाही चांगलं ठाऊक होतं. त्याच घरात वाढला होता तो.

"आणखी काय म्हणाले?"

"आणखी..." दादा खाली बघत म्हणाला, "गुरुवारी लवकर निघायचंय म्हणाले. तूही उशीर करू नकोस."

"असं म्हणाले?"

"म्हणाले," दादा म्हणाला, आणि तिच्याकडे न बघता साखरेचा डबा शोधू लागला.