राणीच्या डोळ्यातलं पाणी

"आलं! पाणी आलं!" कुणीतरी ओरडलं आणि संग्रहालयातली सगळी गर्दी पुढे रेटली. भिंतीवरच्या दगडी राणीच्या डाव्या डोळ्यातून थेंब ओघळत होते. भराभर बाटल्यांची बुचं उघडली. एरवी जांभया देत फिरणारा आमचा गाइड आज स्टुलावर चढला होता.

"दोन हजार वर्षं, मंडळी! आंधळ्या लेकासाठी ही माउली दोन हजार वर्षं रडतेय! थेंब डोळ्यात घाला आणि चष्मा खिडकीतून फेका!" स्वतःचा चष्मा मात्र त्याने नाकावर घट्ट बसवला होता.

मी जिन्यात ओले ब्रश पुसत उभा होतो. राणीची ही गोष्ट दोन हजार नव्हे, दीड महिन्याची होती. मीच रचलेली.

त्याचं असं झालं. मी इथे मूर्तींची डागडुजी करतो. राणीचं शीर भिंतीत बसवताना सळईसाठी भोक पाडलं, तेही घाईत, भिंतीचा नकाशा न बघता. ड्रिल आतल्या पाइपात घुसलं. वरच्या माझ्या खोलीतल्या बेसिनचं सांडपाणी त्याच पाइपातून जातं. मी भोक लिंपून टाकलं आणि साहेबांना काही कळवलं नाही. पण वर ब्रश धुतले की पाणी शिरात झिरपून राणीच्या डोळ्यातून ओघळू लागलं.

सकाळची शाळा सुटली की माझी नऊ वर्षांची भाची इथे येते. आम्ही दोघं जुनी रहस्यं शोधतो, तिची त्यासाठी वहीच आहे. तिने विचारलं, "मामा, ही रडते का रे?" चूक कबूल करण्यापेक्षा गोष्ट सांगणं सोपं होतं. तिचे डोळे असे चमकले की मीही रंगत गेलो. तिने ती वर्गात सांगितली, आणि मग हे सगळं. एकदा तर धुवायला ब्रश नव्हते, तरी खाली लोक ताटकळलेत म्हणून मी नळ सोडला. सांगायलाही लाज वाटते.

"मामा, मी वेळा लिहिल्यात," भाची एकदा म्हणाली. "राणी बाराला आणि साडेचारला रडते. रविवारी नाही रडत. तिला सुट्टी असते?"

"असेल."

"तुलाही रविवारीच असते."

मी विषय बदलला.

मग दाराशी बसणाऱ्या रखवालदारकाकांचे डोळे लालभडक दिसले. "डॉक्टरांचं औषध बंद केलं," ते म्हणाले. "राणीचंच पाणी घालतो. तुमच्या भाचीने सगळं सांगितलं मला. तुम्ही शिकलेली माणसं, खोटं कशाला सांगाल?"

"एकदा डॉक्टरांना दाखवा, काका," एवढंच पुटपुटलो. खरं सांगायला जीभ रेटेना.

दहा दिवसांनी, बरोबर बाराला, भाचीने माझ्या बेसिनमध्ये निळ्या शाईची बाटली ओतली आणि नळ सोडला. "काकांचे डोळे बघवत नाहीत, मामा. मला खात्री करायचीय." तिचा हात धरता आला असता. मी धरला नाही.

खाली एकच गलका झाला. "निळे अश्रू! निळे अश्रू!"

गाइडला तर चेवच आला. "तुमची दुखणी माउलीने स्वतःत ओढून घेतली, म्हणून पाणी निळं पडलं!"

भाची धावत खाली गेली, तिच्यामागून मी. "अहो, ती माझी शाई आहे!"

"गप गं पोरी!" कुणीतरी तिला ढकललं. काका बाटली घेऊन पुढे सरकत होते. तिने वळून माझ्याकडे पाहिलं.

मी गाइडला स्टुलावरून खाली ओढलं. "थांबा! हे माझ्या बेसिनचं पाणी आहे. पाइपाला भोक मी पाडलं, गोष्ट मी रचली." कुणाला पटेना. मग छिन्नीने भिंतीचा लेप फोडला. आत पाइपाच्या भोकातून निळं पाणी गळत होतं. भाचीने वर जाऊन नळ बंद केला, तशी राणी रडायची थांबली.

"म्हणजे मी डोळ्यात सांडपाणी घातलं?" काकांनी विचारलं.

"हो, काका. माझ्यामुळे."

त्यांना तसाच दवाखान्यात घेऊन गेलो. उजवा डोळा वाचला. डाव्याने आता फक्त उजेड कळतो. "दहा दिवस आधी आणायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले.

परत येताना भाची म्हणाली, "मामा, खरं का नाही सांगितलंस? मला पाइपाची गोष्टही आवडली असती."

म्हणून हात जोडून सांगतो, चमत्कार दिसला की पाणी कुठून येतं ते विचारा. सांगणारा शिकलेला असो, घरचा असो, तरी विचारा. आणि उत्तरावर थांबू नका, स्वतः तपासा. कारण त्या पोरीने मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, आणि मी तिच्याशी खोटं बोललो होतो.