एकशेवीस अनवाणी पावले

चैत्रातली केशरवर्णी सकाळ देवराईच्या माथ्यावर उतरली होती. कुसुंबाला ताम्रवर्णी पालवी, उंबराच्या अंगाखांद्यावर लालबुंद फळे, आणि मधोमध तो पुरातन, गगनस्पर्शी बेहडा. त्याच्या खोडात, तीन पुरुष उंचीवर एक ढोली. ढोलीचे तोंड लिंपलेले, लिंपणाला दोन बोटांची फट. आणि त्या फटीमागे, माघापासून स्वतःला कोंडून घेतलेली धनेश पक्ष्याची मादी.

नर यायचा तो आधी ऐकू यायचा. विशाल, कृष्णधवल पंखांची घरघर, मग फांदीचा हिंदोळा, मग पीतवर्ण चोचीतून फटीत सरकणारे एकेक उंबर. हेमांगीला एवढेच दिसायचे.

देवराईभोवती काळ्या दगडांची सीमा होती, आणि सीमेवर उभे असायचे तिचे सासरे, भिकाजी गुरव. देवीचे पुजारी, वय अठ्ठ्याहत्तर, हट्ट त्याहून थोर. मादी ढोलीत बसली की देवीचा दिवासुद्धा ते सीमेच्या दगडावरच लावत. "बाळंतीण हाय आत," म्हणत. "आता वाट बंद. माजी पन."

चाळीस चैत्र त्यांनी त्या फटीची राखण केली. चाळीस चैत्रांत आतली ती त्यांना एकदाही दिसली नाही.

यंदा काचबिंदूने त्यांचा डावा डोळा नेला होता. उजव्याची पुढल्या चैत्रापर्यंत खात्री नाही, असे डॉक्टर सांगून चुकले होते. आणि ढोलीचे लिंपण आठ-दहा दिवसांत फुटणार होते. मग मादी उडणार, फट संपणार, सगळेच संपणार. हेमांगीने मनाशी पक्के केले: मामंजींना ती दाखवायचीच.

हेमांगी गावातल्या बारशा-साखरपुड्यांचे फोटो काढायची. तिच्या कॅमेऱ्याच्या आखूड लेन्समधून बाळाचे जावळ झकास दिसे. धनेश मात्र तिळाएवढा. दूरचे जवळ आणणारी लेन्स हवी होती, आणि तीही आवाक्यातली. म्हणून ती देवरुखच्या बाजारात, रेडीजांच्या फोटोच्या दुकानात येऊन उभी राहिली. छाती अशी धडधडत होती की जणू मुलीचे स्थळच बघायला आली होती!

रेडीजांनी काचेवर दोन लेन्स ठेवल्या. एक श्यामल, स्थूलकाय, मनगटाहून जाड, सहाशे मिलिमीटरपर्यंत पोहोचणारी. तिची किंमत ऐकूनच हेमांगीने हात मागे घेतला. दुसरी वीतभर, सडसडीत, थोडी वापरलेली, सत्तर ते तीनशे मिलिमीटरची. हिच्यावर तिचा जीव तत्काळ जडला.

"वापरलेली आहे ताई. एकदा नेलीत की परत घेणार नाही," रेडीज म्हणाले.

हेमांगीने पिशवीतून करवंटी काढली. करवंटीला दोन बोटांची फट, फटीमागे चोचीच्या रंगाची पिवळी चिंधी. ती तिने दुकानाच्या दारात खिळ्याला टांगली. सीमेपासून ढोलीपर्यंत एकशेवीस पावले, हे मामंजींचे मोजमाप तिला तोंडपाठ होते. तेवढीच पावले ती झपझप चालून गेली, पार पिठाच्या गिरणीपर्यंत, आणि वळून तिने सडसडीत लेन्समधून पाहिले.

करवंटी दिसली. फट केसाएवढी. पिवळे काहीच नाही.

थोरली लेन्स घेऊन रेडीज मागोमाग आले होते. तिच्यातून चिंधीचा दोरान् दोरा दिसला, पण ते ऐश्वर्य दुसऱ्याचे होते. हेमांगीचे डोळे भरून आले. ती परतली, सवयीने उंबऱ्याशी चपला काढल्या, आणि गार फरशी तळव्याला लागली.

तळव्याला लागली आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

मामंजी देवराईत चपला घालून कधी गेले होते?

ती तशीच अनवाणी वळली. आता ती चालली मामंजींसारखी: आधी अंगठ्याने चाचपत, मग टाच अलगद टेकत, वाळल्या पानाचीही झोप मोडू नये असे इवले, सावध, सश्रद्ध पाऊल. एक, दोन, तीन. बाजार थबकला. रातांबे विकणाऱ्या बाईने तोंडाला पदर लावला. "अगो, नवस फेडतेस काय?"

"होय!" हेमांगी म्हणाली, आणि मोजत राहिली.

एकशेवीस पावले गिरणीच्या कितीतरी अलीकडे, रातांब्यांच्या टोपलीपाशीच संपली. तिने कॅमेरा उचलला. लेन्सचे कडे फिरवले. दुकान गेले, दार गेले, करवंटी आली, फट आली, आणि फटीत, अहाहा, पिवळे! हळदीसारखे ठसठशीत पिवळे!

"दिसलं!" ती ओरडली. रातांबेवालीलाही तिने पाहायला लावले. सडसडीत लेन्स तिने पदराखाली धरूनच घरी नेली.

दुसरी सकाळ. तीच सीमा, तेच केशरी ऊन. तिने कॅमेरा मामंजींच्या उजव्या डोळ्याशी धरला आणि कडे फिरवू लागली. बेहडा, मग खोड, मग लिंपण, मग फट. पंखांची घरघर आली. फांदी हलली.

भिकाजी गुरवांचा हात हेमांगीच्या मनगटावर घट्ट मिटला.

"डोळा हाय गो. पांढरा, मोत्यावानी." "सूनबाय, ती माज्याकडंच बघतेय!"

हेमांगी रडत होती, हसत होती. चाळीस चैत्र वाटायचे, राखण एकाच बाजूने आहे. फटीमागे कुणीतरी, ती, तिच्याआधी तिची आई, सीमेवरच्या या म्हाताऱ्याला न्याहाळत आली होती, हे आज कळले.

मामंजींची अनवाणी पावले सीमेच्या बाहेरच होती, बोटभरही पुढे नव्हती. नजर तेवढी आत गेली होती. बेहड्यावर एक लाल उंबर चोचीतून चोचीत गेले, आणि पांढरा डोळा क्षणभर मिटला, पुन्हा उघडला.