भगवानरावांनी भरलेली काडतुसं

विलायतेत लढाई जुंपली आणि हैदराबादेहून काडतुसं येणं बंद झालं. मांजरसुंब्याच्या घाटाखालच्या गावात भगवानराव पाटलांकडे सरकारी परवान्याची रायफल होती, पण नुसती खुंटीला लटकून. वाघरू तर दिवसाउजेडी गुरांवर पडायला लागलं होतं. शेवटी औरंगाबादच्या छावणीतून बदलून निघालेल्या एका साहेबाकडून त्यांनी काडतुसं घरी भरायचं सामान आणलं. उडालेल्या पितळी पुंगळ्या जपून ठेवलेल्या होत्याच.

चुलीपासून लांबच्या खोलीत ते पहिल्यांदाच भरायला बसले. पुंगळीच्या बुडाला ठिणगी पाडणारी नवी टिकली बसवायची, काट्यावर तोलून दारू ओतायची, तोंडाशी गोळी दाबायची. ही नवी बिनधुराची दारू लागायची इतकी थोडी, की आत डोकावूनही नीट कळायचं नाही. तेवढ्यात त्यांच्या पत्नी बायनाबाई धावत आल्या.

"अवं, उठा! वाघरानं आपली कालवड मारली! टेकाडावर पडलीय."

भगवानराव हातातलं टाकून बाहेर गेले. परत आले तर धाकटा भाऊ बिभीषण दारातच उभा.

"दादा, द्या लवकर. ते कालवडीवर परत येतंय, मी दबा धरून बसतो."

त्यांनी उरलेली काडतुसं घाईघाईनं भरून दिली. बिभीषण रायफल घेऊन गेला.

भगवानराव हात धुवायला वाकले आणि तसेच थांबले. मघाशी उठलो तेव्हा समोरच्या पुंगळीत दारू पडली होती का? आल्यावर तिच्यात परत ओतली का? काही केल्या आठवेना. दुप्पट पडली असली तर नळी फुटणार, तीही बिभीषणच्या तोंडासमोर. ते ओट्यावर बसले, उठले, परत बसले. कान टेकाडाकडेच.

"काय हुतंय तुमाला?" बायनाबाईंनी विचारलं.

ते अनवाणी पळत सुटले.

बिभीषण खडकाआड होता. रायफल गालाला लावलेली, समोर झुडपातून वाघराचं डोकं निघालेलं.

"बिभीषण, उडवू नको!"

वाघरू पसार झालं.

"कावून वरडलात, दादा? येड लागलं का काय?"

घरी येऊन भगवानरावांनी एकेका काडतुसाची गोळी उपसली, दारू काट्यावर टाकली. एकामागून एक बरोबर निघत गेली. बिभीषण भिंतीकडे तोंड करून बसला होता. शेवटची पुंगळी भगवानरावांनी तळहातावर उलटी केली. काहीच पडलं नाही.

"हिच्यात दारूच न्हाई," ते म्हणाले. "टिकलीच्या दणक्यानं गोळी निस्ती नळीत अडकली असती."

बिभीषण वळला. "अन् मी घाईत वरून दुसरं काडतूस मारलं असतं. तरीबी नळी फुटलीच असती."

बायनाबाईंनी भाकरी वाढली, ती तशीच निवली.

पुढच्या खेपेला बिभीषण दाराबाहेर बसला आणि कुणाला आत सोडलं नाही. आतमध्ये भगवानराव ओतलेली दारू परत काढून तोलायचे, परत ओतायचे, तरी मन भरायचं नाही.

त्याच काडतुसांनी बिभीषणनं आठवड्याभरात वाघरू पाडलं. बार झाला तेव्हा भगवानराव टेकाडाच्या पायथ्याशी उभे होते. वरून "पडलं, दादा, पडलं!" अशी हाक आली, तेव्हा कुठं ते टेकाड चढायला लागले.