कुंकू लावलेला खंड्याबहाद्दर

मित्रांनो, मी एक जुना लढवय्या आहे. अंग कागदाच्या लगद्याचं, उंची मध्यम माणसाएवढी, मुक्काम पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात, मागच्या दाराशी. तोंडाला चोच आहे आणि पाठीवर पसरलेलं काहीतरी आहे, एवढ्यावरून आत येणारा प्रत्येक जण मला गरुड समजून हात जोडतो. मी गरुड नाही. चोच माझ्या मुखवट्याची आहे. पाठीवर आहे तो शेला आहे. आणि कमरेला पट्टा नि पायात बूट घालणारा गरुड तुम्ही कुठल्या पोथीत पाहिलात, ते एकदा कुणीतरी मला सांगावं.

माझा जन्म दुसऱ्या महायुद्धातला. रॉकेल, साखर, तांदूळ, सगळं रेशनवर होतं आणि रेशनवर नव्हतं ते साठेबाजांच्या कोठारात होतं. त्या दिवसांत स्वस्त साप्ताहिकांमधून आम्ही मुखवटेवाले वीर दर आठवड्याला चोर पकडायचो. तांबडी मूठ नावाचा एक होता, बिनचेहऱ्याचा शिलेदार होता, छपरांवरून धावणारी एक चपलावती होती. आणि मी, खंड्याबहाद्दर. खाडीवरचा खंड्या पक्षी खांबावर गप्प बसतो आणि मासा दिसला की सूर मारतो, तसा मी काळाबाजारवाल्यांवर झेप घ्यायचो. शेला निळा, चोच लाल. पोरं माझ्यासाठी जेवण सोडून वाचत बसायची.

दत्तात्रेय नावाचा पेणचा तरुण मूर्तिकार त्यातलाच. रोह्याच्या एका मंडळाने त्याला गणपतीपुढचा देखावा सांगितला, तेव्हा त्याने मला करायचं ठरवलं. शाडू मूर्तींनाच पुरत नव्हती. मग त्याने स्वतः जमवलेले माझे सगळे अंक भिजत घातले, त्यात खडूची पूड आणि डिंक कालवला आणि मला घडवलं. म्हणजे मी माझ्याच गोष्टींचा बनलेलो आहे. बाकीच्या वीरांचे अंक भेळेच्या पुड्यांना गेले.

रोह्यात मी एका गलेलठ्ठ साठेबाजाची मानगूट धरून उभा होतो. लोकांनी शिट्ट्या मारल्या. घोटाळा एवढाच झाला की साठेबाजाचा चेहरा मंडळाला सगळ्यात जास्त वर्गणी देणाऱ्या शेठजींसारखा निघाला. दत्तात्रेयाने गणपतीची शपथ घेऊन सांगितलं की हे आपोआप झालं. पुढच्या वर्षी साठेबाजाचा पुतळा काही परत आला नाही. मी एकटाच उरलो, हवेत हात धरून.

मग स्वातंत्र्य आलं, साप्ताहिक बंद पडलं, आणि मला ओळखणारे हळूहळू संपले. चोच बघून मंडळं मला मागू लागली. कुणी गरुड केलं, कुणी जटायू. जटायूचा पंख रावण तोडतो, म्हणून माझा एक हात खांद्यातून काढून ठेवायचा आणि विसर्जनानंतर परत चिकटवायचा. तो दर वेळी थोडा वाकडाच बसला. एका मंडळाने तर मला हिरवा रंग देऊन ज्योतिष्याचा पोपट केलं. नागोठण्याला आंबा नदीचं पाणी मांडवात शिरलं, माणसं गणपतीला उचलून पळाली आणि मी गुडघाभर पाण्यात उभा राहिलो. करोनानंतर मला लशीची बाटली धरायला लावली. गुन्हेगार पकडण्याचं काम मात्र त्या पहिल्या वर्षानंतर मला एकदाही मिळालं नाही.

एकच माणूस मला ओळखत होतं. दत्तात्रेयाची सून, धोंडुबाई. गणपतीचे डोळे काढणं, म्हणजे आखणी, हे कारखान्यातलं सगळ्यात नाजूक काम. बायकांनी मूर्ती घासायच्या, रंग कालवायचे, पण डोळ्यांना हात लावायचा नाही, अशी तेव्हाची रीत. दत्तात्रेयाला सुनेचा हात दिसला होता. त्याने तिला शिकवलं, पण मूर्तीवर कशी शिकवणार? तिने माझे डोळे काढायचे, त्याने पुसायचे, तिने पुन्हा काढायचे. कित्येक महिने मी तिरळा, बटबटीत, झोपाळू असा सगळा होऊन गेलो. तेव्हा दत्तात्रेय तिला माझ्या गोष्टी सांगायचा आणि ती हसायची.

पुढे दत्तात्रेय गेला. एका उन्हाळ्यात धोंडुबाईच्या नवऱ्याने, सखाने, कारखाना साफ करायला काढला आणि दुसऱ्याच दिवसापासून ही बाई सकाळी येऊन मला हळदकुंकू लावू लागली. तेही चोचीवर. मला सगळं जग गरुड म्हणालं असतं तरी चाललं असतं. पण जिला सगळं ठाऊक होतं तीही विसरली, हे मात्र माझ्या मनाला फार लागलं. त्या दिवसापासून मी तिच्यावर रुसून होतो.

आता या वर्षाचं ऐका. सखाही गेला, कारखाना त्याचा मुलगा निलेश बघतो. रोह्याजवळच्या वरशाहून मितेश नावाचा मंडळाचा कार्यकर्ता आला. त्यांना कागदाच्या लगद्याची मोठी मूर्ती हवी होती आणि पुढे देखाव्याला एखादा मुखवटेवाला वीर. माझा ऊर भरून आला. निलेशने माझ्याकडे बोट दाखवलं.

"हा तर गरुड हाय," मितेश म्हणाला. "आमाला फायटिंगवाला पायजे."

तो गेला. निलेशने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि बायकोला म्हणाला, "दिपिका, याचा रंग घासून काढ. याला भिजत घालू. वरशाच्या मूर्तीला लगदा कमीच पडतोय, आणि जागा पण होईल."

"आई ओरडतील. देव हाय तो."

"आईला मी सांगतो."

दिपिकाने घासायला घेतलं. पिवळ्याखाली हिरवा निघाला, हिरव्याखाली निळा. मग पट्टा दिसला, मग बूट. ती थांबली. "अवो, हा गरुड नाय वाटत. बूट घातलेत यानं."

मित्रांनो, सगळा जन्म मी याच वाक्याची वाट पाहिली होती. आणि निलेश काय म्हणाला? "मग बरंच झालं. देव नाय ना? आता आई पण काय बोलणार नाय." त्याने मोठा टब ओढून आणला आणि नळ सोडला. जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, कुणीतरी येऊन मला गरुड म्हणा.

पाण्याचा आवाज ऐकून धोंडुबाई आली. तिने टब पाहिला, मला पाहिलं, आणि आधी नळ बंद केला.

"आये, देव नाय तो," निलेश म्हणाला. "बूट बघ."

"मला म्हाईत हाय. खंड्याबहाद्दर हाय तो. तुझ्या आजानं केलाय."

"म्हाईत हाय? मग रोज कुंकू कशाला लावतेस?"

"तुझा बापूस कोयता घेऊन निघाला होता याला तोडायला. खंड्या हाय म्हणून सांगितलं असतं तर ऐकला असता? कुंकू बघून लांबूनच मागं सरला." ती माझ्या चेहऱ्याजवळ आली. "माझा हात याच्यावर बसला रे. तुझ्या आजानं गणपतीचे डोळे माझ्या हातात दिले, ते याच्यामुळं. याला भिजवायचा तर आधी मला सांग, मी घरातून जाते."

निलेशने टब कलता करून पाणी ओतून टाकलं आणि लगद्यासाठी रद्दी आणायला तो बाजारात गेला.

"आई, आता निळा देऊ का याला?" दिपिकाने विचारलं.

"दे की गो. पण कुंकू लावायचं सोडू नको. उद्या तुमची पोरं मोठी व्हतील, त्यांना कोण सांगत बसल?"

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू भलत्याच नावाने जपलेली असेल. तिला हसू नका, आणि पाण्यात घालायच्या आधी घरातल्या थोरांना दोन शब्द विचारा. मी अजून चिडलेलोच आहे, कुंकू अजून चोचीवरच लागतं. पण धोंडुबाईचे गुडघे आता दुखतात, एखाद्या सकाळी तिला अंगण ओलांडायला उशीर होतो, आणि ती दारात दिसेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.