रोलर थंड, चादर गरम

आमच्या लाँड्रीत एक बंदूक आली. गोळी नाही हो सुटत. चाप ओढला की लाल ठिपका पडतो, आणि जिथं पडेल तिथली गरमी आकड्यात दिसते. हात लावायला नको. मी तिथला मेकॅनिक. तीस वर्षं गरमी हातानंच जोखली, म्हणून बंदूकही माझ्याच गळ्यात मारली.

पहिलंच काम निघालं ते माझ्या मेव्हणीचं. ती इस्त्रीच्या रोलरवर चादरी सोडते. आठवडाभर चादरी करपत होत्या. मुकादम म्हणाला, बाई गप्पा मारत बसते, चादर रोलरवर राहून जाते, उद्यापासून येऊ नको. ती म्हणाली, रोलरच जास्त तापतोय.

"मेकॅनिक, मोजा," मुकादम म्हणाला. "दोनशेच्या वर गेला तर रोलरचा दोष. नाहीतर बाई घरी."

रोलर फिरायचा थांबवला, त्याच्या चकचकीत पत्र्यावर नेम धरला. बावन्न!

"झालं! बावन्नवर काय करपतंय?" मुकादम म्हणाला.

मेव्हणी माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मीच तिच्या पोटावर पाय दिला.

"भावोजी, तुम्ही माझ्या बाजूचे का त्या डबड्याच्या?"

"अगं, मी कुठं काय बोललो? ते बोलतंय."

मी बोटं ओली करून रोलरवर झटकली. थेंब चर्र करून टुणटुण नाचले आणि गायब. आता बावन्नवर थेंब नाचतो होय? परत मोजलं. एक्कावन्न. माझं डोकंच चालेना.

तिनं रागानं एक कोरडी चादर रोलरवर टाकली. "आता मारा गोळी!"

दोनशे वीस! चादर उचलली, बावन्न. टाकली, दोनशे अठरा.

मुकादमानं डोकं खाजवलं. "म्हणजे रोलर थंड आहे आणि चादर गरम आहे."

"हो का?" मेव्हणी म्हणाली. "चादरीलाच ताप आलाय मग. औषध द्या तिला."

शेवटी बंदूक विकणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "चकचकीत लोखंडावर धरू नका हो. आरशासारखं असतं ते. स्वतःची गरमी लपवतं, समोरच्याची दाखवतं."

"समोर तर मीच होतो!"

"मग थोडी तुमचीच मोजली असेल."

मला काही उमजेना. मुकादम म्हणाला, "तो काहीही सांगेल. आकडा म्हणजे आकडा. बावन्न!"

"बरं," मी म्हटलं. "बावन्नच ना? मग ठेवा तळहात. दहा आकडे मोजेपर्यंत."

मुकादमाचा हात निघाला. वीतभरावर थांबला, आणि मुकाट्यानं खिशात गेला.

"रोलर दुरुस्त करा," तो दुसरीकडे बघत म्हणाला. "आणि बाई, उद्या वेळेवर या."

मी पाना घेऊन खाली बसलो. मेव्हणी वाकून हळूच म्हणाली, "भावोजी, कळलं का काही?"

"अर्धं."

"मला एवढंच कळलं, तुमची गरमी बावन्न निघाली. घरी जाऊन पडा जरा. मी ताईला कळवते."

आणि खरं सांगतो, मी कपाळाला हात लावून बघितला.