कंसातल्या नोंदी

"कंस सगळे काढून टाकायचे," टेसा म्हणाली. "शुक्रवारपर्यंत."

डोरीनने पडद्याकडे पाहिलं. तिनेच ऐकून टाइप केलेली एक मुलाखत समोर उघडलेली होती आणि तिच्यात जागोजागी चौकोनी कंस होते. [चार सेकंद शांतता]. [हसते]. [खुर्ची मागे सरकवते]. नव्या सॉफ्टवेअरला हे चालत नव्हतं. ते मुलाखती वाचून वाक्यांना आपोआप रंग देई. आजाराला लाल, कुटुंबाला हिरवा, नुकसानाला जांभळा. मग कुठला विषय कोणाच्या बोलण्यात किती वेळा आला याचा तक्ता निघे. कंसातलं 'हसते' त्याने 'आनंद' म्हणून मोजलं होतं.

"रडता रडता हसलीय ती बाई," डोरीन म्हणाली.

"तेच म्हणतेय ना मी. यंत्र फसतं. म्हणून काढायचे."

टेसा चौतीस वर्षांची होती, दोन वर्षांपूर्वी विद्यापीठात आलेली. वाईट नव्हती. सकाळी स्वतःसाठी कॉफी आणताना डोरीनसाठीही आणायची. लोखंडाच्या खाणी बंद पडल्यावर त्या गावांतल्या घरांचं काय झालं, हा तिच्या अभ्यासाचा विषय होता आणि त्यासाठी बासष्ट म्हाताऱ्या बायकांच्या मुलाखती झाल्या होत्या. घेतल्या टेसाने आणि तिच्या विद्यार्थ्यांनी. कानाला हेडफोन लावून, पायाखालच्या पेडलने आवाज मागेपुढे करत, त्या शब्दन् शब्द कागदावर उतरवल्या डोरीनने.

हे काम ती सव्वीस वर्षं करत होती. त्याआधी ती खाणीच्याच प्रयोगशाळेत दगडातलं लोखंडाचं प्रमाण तपासायची. खाण बंद झाली आणि प्रयोगशाळाही. तिथली सवय मात्र तिने इकडे आणली. तीन सेकंदांहून मोठी शांतता असेल तर ती मोजून लिहायची. आवाज ऐकू आला तर आवाज लिहायचा, त्याचा अर्थ लिहायचा नाही. 'दुःखाने थांबते' असं तिने कधी लिहिलं नाही. 'थांबते, सहा सेकंद.' दुःख आहे की घशात काही अडकलंय, हे तिला माहीत नसे.

"सत्तावीस नंबरच्या तक्त्यात आजारापुढे शून्य आलंय," ती म्हणाली. "बावन्न मिनिटांत एकतीस वेळा खोकलीय ती बाई."

टेसाने थोडा विचार केला. "पण आजाराबद्दल काही बोलली का?"

"नाही."

"मग शून्यच, डोरीन. तुम्ही लिहिलेलं चूक नाहीये. पण लोक काय बोलले ते मोजतोय आपण."

डोरीनने मान हलवली. वाद घालण्याचा तिचा स्वभाव नव्हता, आणि टेसाचं म्हणणं तिच्या पद्धतीने बरोबरही होतं.

ती आपल्या खोलीत आली आणि कंस काढायच्या आधी मुलाखती मोजल्या. बासष्ट हव्या होत्या. पडद्यावर त्रेसष्ट होत्या.

तिला वाटलं एखादी दोनदा चढली असेल. शेवटची उघडली. ती जेमतेम चाळीस सेकंदांची होती. वर तारीख होती एकोणीस फेब्रुवारी.

"हॅलो. मी रेनो तुओमेला. इर्माचा नवरा. इर्मा जानेवारीत गेली. तुमच्याकडे तिचं बोलणं आहे, मशीनमध्ये. आमच्याकडे तिचा आवाज कुठेच नाही हो, फोन उचलला नाही की वाजतो तो संदेशसुद्धा माझ्याच आवाजात. तर ते मिळेल का, एवढंच विचारायचं होतं. घाई नाही. मी घरीच असतो."

प्रत्येक बाईला दिलेल्या माहितीपत्रकावर अभ्यासाचा फोन नंबर छापलेला होता. तो कोणी उचलला नाही तर संदेश संगणकात साठायचा. नव्या सॉफ्टवेअरची मांडणी करताना मुलाखती आणि हे संदेश एकाच ठिकाणी जातील असं कोणीतरी ठरवलं होतं, आणि त्या ठिकाणी जे येईल ते सॉफ्टवेअर टाइप करून रंगवून ठेवत होतं. 'जानेवारीत गेली' जांभळ्या रंगात होतं. 'मी घरीच असतो' हिरव्या. बाजूला लिहिलं होतं: कुटुंब, एक, नुकसान, दोन. संदेश कोणी ऐकलेला नव्हता.

आज अकरा मार्च होता. इर्मा तुओमेला म्हणजे सत्तावीस नंबर.

मुलाखत टाइप होऊन तपासली गेली की मूळ आवाज नष्ट करायचा, असं त्या बायकांनी सही केलेल्या कागदावर लिहिलेलं होतं. त्यांच्या ओळखीला धोका नको म्हणून. सगळे बासष्ट आवाज डोरीनने एक मार्चला पुसले होते. ते पुसताना संगणक तीनदा विचारतो, नक्की का. ती तीनदा हो म्हणाली होती आणि वहीत वेळ लिहून सही केली होती.

एकोणीस फेब्रुवारी ते एक मार्च. तिने बोटांवर मोजले. दहा दिवस.

टेसाला दाखवलं तेव्हा ती खुर्चीत बसून राहिली. दहा दिवसांत आवाज द्यायची परवानगी मागायला विद्यापीठाच्या नीतिसमितीकडे अर्ज करता आला असता. समितीने कदाचित नाही म्हटलं असतं, पण निदान विचारता आलं असतं. आता टाइप केलेली मुलाखतही रेनोला देता येणार नाही, असं ती म्हणाली. मी जे सांगेन ते घरच्यांनाही कळू देऊ नये, या ओळीसमोर इर्माने खूण केली होती. बऱ्याच बायकांनी केली होती. टेसा म्हणाली, रेनोंना मी पत्र लिहिते. डोरीन म्हणाली, नको, मी फोन करते. त्या गावात माझं जाणंयेणं आहे.

फोनवर तिने सगळं सांगितलं. संदेश ऐकायचा राहून गेला, आवाज पुसला गेला, पुसणारी मीच. मग रेनो म्हणाला, गुरुवारी दवाखान्यात यायचंच आहे तिकडे, तेव्हा येऊन जातो.

गुरुवारी सकाळपासून बर्फ पडत होतं. पावणेबाराला बाहेरच्या पायरीवर कोणीतरी बूट आपटले. दोनदा, डाव्याने जोरात. डोरीनने मान वर केली. तो माणूस तिने कधी पाहिला नव्हता, पण हे आपटणं तिने हेडफोनमधून ऐकलं होतं आणि लिहिलंही होतं.

रेनो तुओमेला शहाऐंशीचा होता, उंच, आणि मान थोडी पुढे काढून चालणारा. टोपी काढून त्याने गुडघ्यावर ठेवली.

"आडनाव लाहती म्हणालीस तू फोनवर. आर्वो लाहतीची मुलगी का?"

"हो. धाकटी."

"आर्वो खाणीत माझ्या पाळीत होता. बोलायचा नाही फारसा."

"घरीही नाही बोलायचे."

तो थोडा हसला. मग कोटाच्या खिशातून त्याने एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. बोटाएवढा पेन ड्राइव्ह, दुकानातून आणलेला, पुठ्ठ्यावर प्लास्टिकखाली बंद.

"तू सांगितलंस ते ऐकलं मी, पोरी. पण नातू म्हणाला, मशीनमधून काही कायमचं जात नाही, कुठेतरी राहतं. म्हटलं, घेऊन जावं सोबत. राहिलं असेल तर."

"नाही राहिलेलं," डोरीन म्हणाली. "मी नीट पुसलं होतं. माझं काम मी नीट करते."

हे वाक्य तोंडातून गेल्यावर तिला ते ऐकवेना. रेनोने मात्र मान डोलावली, जणू दुसऱ्याच्या कामाची कदर केली.

इर्मा काय बोलली ते तरी सांग, असं त्याने विचारलं. तिला ते सांगता येणार नव्हतं. तिने कागद दाखवला, सही दाखवली. माझ्याविषयी काही बोलली का, असं विचारून त्याने लगेच हात हलवला. "राहू दे. तिने नको म्हटलंय ना, मग नको. इर्माचा शब्द म्हणजे शब्द."

सही त्याने बराच वेळ पाहिली. मग खिडकीकडे बघत सांगू लागला. डॉक्टरांच्या मते इर्माच्या छातीत होती ती खाणीची धूळ. ती बाई एक दिवसही खाणीत उतरली नाही. चाळीस वर्षं त्याचे कपडे मात्र तिने धुतले, तळघरात, धुण्याआधी झटकून. सगळ्याच बायका तसंच करायच्या. त्याची स्वतःची छाती साफ आहे, आज सकाळीच तपासून सांगितलंय.

"मला डिसेंबरात कळलं," तो म्हणाला. "डिसेंबरात खोकल्यातून रक्त पडलं तेव्हा. डॉक्टर म्हणतो, हे वर्षभर तरी चालू असणार. घरात दोनच माणसं, पोरी. वर्षभर समोर बसून जेवलो मी."

डोरीनने खालचा खण उघडला. सत्तावीस नंबरची कागदी प्रत तिच्याकडे होती, कंसांसकट. उद्या ती फाडायची होती. कागदावरची ओळ तिने मनात पुन्हा वाचली: मी जे सांगेन ते. कंसातलं इर्माने सांगितलेलं नव्हतं. समितीला हा युक्तिवाद पटला नसता. तिलाही तो पुरता पटला नव्हता.

"शब्द मला वाचता येणार नाहीत," ती म्हणाली. "मधलं वाचते."

त्याला कळलं नाही. पण तो नीट बसला.

"कॉफीचं भांडं गॅसवर ठेवल्याचा आवाज," डोरीनने वाचलं. "पाच सेकंद शांतता. हसते. कप बशीवर ठेवते. कुत्रा नखांनी फरशी खाजवतो."

"पेक्का," रेनो म्हणाला. "ऊठ म्हटलं की खाजवतो."

"चार सेकंद शांतता. पुन्हा हसते, दबक्या आवाजात. कॉफी ओतते."

ती एकेक ओळ बोटाने धरून पुढे जात होती. दर दोन-तीन कंसांनंतर एक कंस असा येत होता ज्यावर बोट न थांबवता तिने ते पुढे नेलं. सव्वीस वर्षांत तिने ऐकलेलं काही गाळलं नव्हतं.

"बाहेर पायरीवर बूट आपटल्याचा आवाज, दोनदा. दार उघडतं. पुरुषाचा आवाज, काहीतरी विचारतो."

रेनोने टोपी घट्ट धरली. "हातमोजे. हातमोजे कुठे ते विचारलं होतं मी. ती मुलगी बसली होती तुमची, वही घेऊन. मग मी तिथेच टेकलो जरा."

"कपाट उघडते. कप ठेवते. कॉफी ओतते."

"माझी."

"कुत्रा जागा बदलतो. तीन सेकंद शांतता. हसते." ही सहा मिनिटं होती. या सहा मिनिटांत डोरीनला बोट कुठेही पुढे न्यावं लागलं नाही. "दार उघडतं, बंद होतं."

यानंतरच्या ओळीवर एकापाठोपाठ एक पाच कंस होते, सगळे सारखे. हेडफोनमधून ऐकतानाच तिच्या ते लक्षात आलं होतं. त्या बाईने सहा मिनिटं काय धरून ठेवलं होतं तेही. पण अर्थ लिहायचा नाही, म्हणून लिहिलं नव्हतं. तिने पान उलटलं.

सगळं वाचायला अकरा मिनिटं लागली. शेवटी रेनो म्हणाला, "हे केव्हाचं?"

"ऑक्टोबर. तेवीस तारीख."

तो टोपीच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. मग त्याने विचारलं. बहुधा त्यासाठीच तो आला होता.

"खोकली नाही ना कुठे?"

डोरीनने समोरच्या पानाकडे पाहिलं.

"तुम्ही घरात होतात तेव्हा एकदाही नाही," ती म्हणाली.

बाहेर बर्फ खरवडणारी गाडी गेली. डोरीन मनात आकडे मोजत होती. सवय होती, थांबवता आली नाही. अकरा सेकंद.

"बरं," रेनो म्हणाला. "म्हणजे ऑक्टोबरात ठीक होती."

तिने पानं जुळवून खणात ठेवली.

उठताना त्याने पेन ड्राइव्हचं पाकीट खिशात घातलं. "फोडलेलं नाही," तो म्हणाला. "परत घेतील ना दुकानात?"

"घेतील."

दारापर्यंत जाऊन तो वळला आणि म्हणाला, ते बूट आपटल्याचं लिहिलंस ते बरं केलंस. इर्मा त्यावरून फार बोलायची त्याला, पायरी मोडेल म्हणून.

शुक्रवारी डोरीनने कंस काढले. सगळे एकदम काढायची सोय सॉफ्टवेअरमध्ये होती. तिने एकेक मुलाखत उघडून हाताने काढले आणि त्याला संध्याकाळचे पाच वाजले. त्रेसष्टावी नोंद टेसाने आधीच काढून टाकली होती. कागदी प्रती यंत्रात घालून फाडल्या. मग नीट झालंय का ते पाहायला तिने सत्तावीस नंबर पुन्हा उघडला. तक्त्यात आजारापुढे शून्य होतं. मजकूर सरळ होता, ओळीला ओळ लागलेली, मध्ये कुठे जागा नाही. वाचणाऱ्याला वाटलं असतं, ही बाई बावन्न मिनिटं एका दमात बोलली.