बाजारात न मिळणारे कनेक्टर

नवऱ्याने घरी बनवलेला अॅम्प्लिफायर साबणाच्या वडीपेक्षा थोडाच मोठा होता, पण त्याचं कौतुक मावायला घर पुरत नव्हतं. जेवताना तो ताटाशेजारी, झोपताना उशाशी. बाई मनातल्या मनात त्याला डबडं म्हणत आणि नवऱ्याला शास्त्रज्ञ. दोन्ही शब्द अजून ओठांबाहेर आले नव्हते, म्हणून संसार चालू होता.

बाई एका हॉलवर बायकांचा व्यायामवर्ग घेत. गाण्यांशिवाय बायका हातसुद्धा वर करत नसत. तिथले स्पीकर धडधाकट होते. ते वाजवणारं जुनं यंत्र तेवढं बंद पडलं. बाई नवं आणायला निघाल्या, तर शास्त्रज्ञ आडवे आले. "बाजारातला कचरा कशाला? मी देतो बनवून."

बनवलं, आणि वाजलंही झकास. त्याचाच बाईंना जास्त राग. फक्त स्पीकरच्या वायरींचे साधे पिन त्यात बसेनात. खेळण्यातल्या विमानांच्या बॅटरीला असतात तसले पिवळे, आत सोनेरी टोकांचे दोन कनेक्टर त्याने डब्याला लावले होते.

"साधे लावले असते तर काय बिघडलं असतं?"

"साधे सैल पडतात. शिवाय कुणीही येऊन काहीही खुपसतं. हे माझ्या जोडवायरींशिवाय लागायचेच नाहीत."

"मग त्या वायरी हॉलवरच ठेवा."

"हरवाल तुम्ही बायका. मी रोज येऊन लावून देत जाईन ना."

मग रोज सकाळी तो डब्यावर असा वाकायचा, जणू कुणाच्या हृदयाचं ऑपरेशन चाललंय. "भाऊजी, कमाल आहे तुमची," असं कुणीतरी म्हटल्याशिवाय सरळ व्हायचा नाही.

आणि एके सकाळी तो आलाच नाही. नेमकी समोर नवी जिम उघडली होती, पहिला महिना फुकट. निम्म्या बायकांचा एक पाय आधीच तिकडे होता. बाईंनी घरोघर फिरून जमवलेला वर्ग डोळ्यांदेखत फुटायला आला होता.

"ताई, गाणी लागणार नसतील तर सांगा," वर्गातली एक शिवणकाम करणारी म्हणाली. "ह्या सगळ्या समोर जातील. मीही जाईन, खोटं कशाला बोलू."

बाईंनी फोन लावला.

"साहेबांनी लवकर बोलावलं गं. वायरी बॅगेतच राहिल्या," शास्त्रज्ञ म्हणाले. "आज तोंडाने मोज. नाहीतरी उड्याच तर मारायच्यात."

बाईंनी फोन ठेवला. "कात्री आहे का गं तुझ्याकडे?"

"आहे की. स्क्रू ड्रायव्हरपण आहे, मशीनचा. कुणाला मारायचंय?"

"तो हाताशी नाही. आधी हे उघडू."

डबडं उघडलं. महिनाभर ज्याचं पुराण ऐकलं ते आत एवढंच होतं: प्रत्येक कनेक्टरच्या पाठीला एक लाल वायर, एक काळी. स्पीकरच्या वायरींतही हेच दोन रंग. बाईंनी कनेक्टर कापून काढले, स्पीकरचे पिनही उडवले, टोकं सोलली, लालला लाल अन् काळ्याला काळी पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली.

"फुटायचं नाही ना, ताई?"

"फुटलं तर कटकट गेली."

फुटलं नाही. गाणं लागलं, बायका रांगेत आल्या आणि त्या दिवशी तरी समोर कुणी गेली नाही.

संध्याकाळी चार्जिंगला घरी आणलेला डबा पाहून शास्त्रज्ञांचा चेहरा उतरला. "कनेक्टर कुठायत?"

"एक त्या शिवणवालीने किल्ल्यांना अडकवला. दुसरा तिच्या जावेला आवडला."

"अगं, ते इथे मिळत नाहीत. आणि असल्या पिळाने आवाज पातळ होतो, तुला काय कळणार. उद्या येऊन नीट करून देतो."

"उद्या येऊ नका. हॉलवर पुरुषांना बंदी आहे. आजवर तुम्हाला वायरींचं सामान म्हणून आत सोडत होते."

तो डब्याच्या रिकाम्या भोकांवरून अंगठा फिरवत बसला. बाईंना खरं तर दया यायला हवी होती. आली नाही. त्यांनी स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि दिवसभरात पहिल्यांदा पोटभर जेवल्या.